बोटीची कापलेली दोरी

ती घटना मी विसरले नाही, विसरणारही नाही. नोकरीत बंदोबस्त पुष्कळ केले, पण निरपराध माणसाला तुरुंगातून बाहेर काढण्यात माझा हात लागला तो त्याच केसमध्ये. नवरा पोलिसात असताना वारला, त्याच्या जागी मला घेतले. शिक्षण पाचवीपर्यंत, त्यामुळे ठाण्यात लिखापढी मला कोणी दिली नाही. माझी ड्यूटी दारावरच्या पहाऱ्याची. केस तिथेच फुटली.

कुंभकोणहून चोळपुरम्‌वरून उत्तरेला गेले की कोल्लिडम नदीवर बंधारा लागतो. वरच्या अंगाला पाणी थोपलेले असते. दिसते शांत, पण खाली वाळूचे उंचवटे असतात. चेन्नईचा एक कंत्राटदार सुटीला तिथे आपली बोट आणी. मासे धरायची बोट, पण परदेशी, वेगाची: बूड चपटे, मागे मोटारीसारखे जोरदार इंजिन. त्या दिवशी बोटीत मालक, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र आणि पगारी नावाडी होते. भर वेगात वळताना बोट कलंडली आणि तिघेही पाण्यात फेकले गेले. बोट मात्र थांबली नाही. रिकामी बोट गोल फिरून परत आली आणि तिच्या पंख्याने मित्राचा पाय गुडघ्याखाली तोडला. नावाड्याने त्याला धरून काठाला आणले, म्हणून जीव वाचला.

मालकाने फिर्याद दिली की बोट नावाडी चालवत होता. का, तर नावाड्याच्या अंगात लाइफ जॅकेट होते. "आपण आपटणार हे त्याला ठाऊक होतं," म्हणे. बाकी दोघांची जॅकेटे आम्हाला बाकाखाली मिळाली, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेली. मित्राने जबाब दिला, "मला काही आठवत नाही." न्यायालयाने नावाड्याला सब-जेलमध्ये पाठवले. त्याची बायको आमच्या ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे आणि मला विचारी, "अक्का, आज सोडतील?"

नावाडी एकच सांगत होता: "चाकावर मालक होते. आणि दोरी नव्हती."

अशा बोटीत इंजिनच्या चावीजवळ एक क्लिप असते. तिची लाल दोरी चालवणाऱ्याने कमरेला अडकवायची. माणूस फेकला गेला की क्लिप निघते आणि इंजिन तिथेच बंद पडते. या बोटीत क्लिप जागेवर होती, पण दोरीचे बोटभर टोकच शिल्लक होते. मालक म्हणाला, "नावाड्यानेच तोडली असेल."

पुरवणी जबाबाला मालक आला तेव्हा सोबत गावातला मामा होता. दोघे माझ्यापासून दोन हातांवर बाकावर बसले. आधी माझ्याशी तमिळमध्ये गोड बोलले, मग आपसात मराठीत सुरू झाले. आमची तंजावरी मराठी अशीच बोलली जाते, बाहेर कोणाला कळत नाही या भरवशावर. मी तिरुविडैमरुदूरहून नवीन बदलून आलेली, छातीवरची नावाची पट्टी तमिळमध्ये, म्हणून मला मराठी येत असेल हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

"सरकारास पुरुष मिळेनात वाटतें," मामा म्हणाला. "म्हातारीस बंदूक दिलीय. तीच हिला पेलत नाही."

भाचा हसला नाही. "मामा, दोरी अजून गाडींतच आहे."

"कोठें?"

"डिकींत, मासोळीच्या पेटीखालीं. मीच कापिली ना ती. वळतां वळतां ओढ बसे, इंजिन बंद पडे, सगळे हसत."

"मुट्टाळा, मूर्खा! आधीं जाऊन नदींत टाक."

मी समोर बघत उभी राहिले. पहाऱ्यावरच्या माणसाचा चेहरा भिंतीसारखा असावा लागतो. दुसऱ्या शिपायाला पहाऱ्यावर उभे केले आणि आत जाऊन निरीक्षकांना सांगितले.

"नक्की समजलं का तुला?" त्यांनी विचारले.

"सर, माझी आई मला ह्याच भाषेत शिव्या द्यायची."

त्यांनी दोन पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर डिकी उघडली. पेटीखाली लाल दोरी निघाली. तिचे कापलेले टोक क्लिपवरच्या टोकाशी जुळले. पंचनामा झाला, दोन्ही तुकडे सील झाले.

चौकशीला निरीक्षकांनी मला शेजारी बसवले. मी मराठीत म्हटले, "बसा. आता आपण घरच्या भाषेत बोलू."

मालकाचा चेहरा उतरला. "अम्मा, तुम्ही आमच्यातल्या?"

"मी पोलिसातली. दोरी नावाड्याने तोडली, तर तुमच्या डिकीत कशी आली?"

मग तो सगळे बोलला, चाक त्याच्याच हातात होते हेसुद्धा. पण पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. आम्हाला साक्षीदार हवा होता.

आम्ही तंजावरच्या इस्पितळात गेलो. मित्राला कापलेल्या दोरीचा फोटो दाखवला आणि ती मालकाच्या डिकीत सापडल्याचे सांगितले.

"दोरी असती तर?" त्याने विचारले.

"तो पडताच इंजिन थांबलं असतं," मी म्हटले. "बोट परत आली नसती."

तो चादरीकडे बघत राहिला, जिच्याखाली एकच पाय होता. "मला वाटलं, अपघात आहे, मित्राचं नाव कशाला घ्यायचं," तो म्हणाला. "लिहा. चाक त्याच्या हातात होतं." हाच जबाब पुढे त्याने मॅजिस्ट्रेटसमोर दिला. नावाडी सुटला आणि मालक आत गेला.

या केसने मला शिकवले की वेगाची खाज असलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, हसे होण्याची असते. कमरेला दोरी बांधली तर लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी तो ती कापतो. अपघात झाला की मग दोष द्यायला पगारी माणूस शोधतो. अशा वेळी पोलिसाने कोणाची भाषा कोणती, कोणाचे नाते कोणते, हे बघू नये.

पुढे तो मामा मला देवळाच्या वाटेवर भेटला. रस्ता अडवून म्हणाला, "आपल्याच माणसास आत घातलेंस. जिवास कांही वाटलें नाही?"

"मी एकाला बाहेर काढलं, मामा," मी म्हटले. "जागा रिकामी झाली, तिथे तुमचा भाचा बसला."

नोकरीत पदक मिळाले नाही. हे उत्तर मात्र मी ताठ मानेने दिले, आणि आजही तेच देईन.