खाचेतला माड

बाबांना जाऊन दोन महिने होत आले. शाळेत शिकवून घरी आल्यावर मी हे थोडं थोडं लिहिते आहे. लिहायचं होतं ते त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल, पण लेखणी हातात घेतली की तो माडच आठवतो आणि हसू येतं.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आमचं घर तोंडवलीच्या किनाऱ्याला लागून. बाबा पहाटे एकटेच छोटी होडी घेऊन मासे मारायला जात. घराशेजारी एक उंच माड होता, कौलांवर कललेला. "ह्यो एक दिवस आमच्या डोक्यार पडतलो," आई म्हणायची. "बघूया," म्हणत बाबांनी दोन पावसाळे काढले. शेवटी एका सकाळी, बाबा समुद्रावर असताना, आईने माडापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, त्याची माफी मागितली आणि गड्याकडून तो तोडून घेतला.

मी ओट्यावर वाचत होते. माड आडवा झाला, मागे नुसतं आभाळ उरलं, आणि मी पुस्तक टाकून उठले. किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडक होते. त्यांतून आत यायची वाट बाबांनी मला सांगितली होती आणि मी तिचं चित्र वहीत काढून ठेवलं होतं: आपला माड मागच्या डोंगराच्या खाचेत दिसला की होडी सरळ आत आणायची. खाचेबाहेर दिसला, तर खाली खडक.

"आये, बाबा तो माड बघून आत येतत गो!"

"मेलंय मी! मगे आधी सांगूक काय झालेलां? तोंडात बोळो घातलेलंस?"

तिने दांडीवरचं लाल लुगडं ओढलं, मी बांबू घेतला. पण माडाच्या जागी तो उभा करेपर्यंत होडी खडकांपाशी आलीसुद्धा. सगळं टाकून आम्ही पाण्याकडे धावलो. आईने डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. होडी रोजच्या रेषेत, कुठेही न अडखळता आत आली.

"माड दिसलो?" आईने विचारलं.

"दिसलो तर! रोज दिसता तसो."

"खंय दिसलो?"

"खाचेत. आज काय झालां गो तुमका दोघांका?"

आई हसली, मग रडली, मग पुन्हा हसली आणि त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली. बाबा आडव्या माडाकडे बघत खालीच बसले. "मगे मी बघलंय काय?"

ते खोटं बोलत नव्हते. वाऱ्याने शेंडा कसा हलत होता हेही त्यांनी सांगितलं. पुढे ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं, की डोळे थोडंच दाखवतात, उरलेलं मन आपल्या जुन्या साठ्यातून भरून काढतं. वर्गात मी एकटीच हसले.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. काल आले तसे आज येतील, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. होडी खडकांबाहेर थांबली ती थांबलीच. समुद्र तोच, हात तेच, पण माड नाही हे आता बाबांना ठाऊक होतं. शेवटी आईने बुंध्याशी बांबू रोवून त्यावर ते लुगडं फडकवलं, तेव्हा कुठे ते आत आले.

"हिरवां लुगडां नाय गावलां?" उतरताच ते म्हणाले. "लाल माड खंय बघलंस?"

पुढे इतकी वर्षं तिथे बांबूच होता. फाटलं की आई नवं लुगडं बांधायची, हिरवंच.

परवा दुपारी तिने तीन ताटं मांडली. भातही वाढला आणि मग तिच्या लक्षात आलं. आता ही रडणार, म्हणून मी उठायला लागले. ती तिसऱ्या ताटाकडे बघत राहिली.

"ह्यो बघ माड," ती म्हणाली.

आम्ही दोघी खूप हसलो. मग त्या ताटातला भात तिने अर्धा माझ्या आणि अर्धा आपल्या ताटात घातला, आणि आम्ही जेवलो.