धोळ्याची घंटी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसतही आलोय. चकवा, झपाटणं, पांढऱ्या साडीतली बाई... मी वेल्डिंगवाला माणूस. दोन तुकडे जुळले तर जुळले, नाही तर नाही, मध्ये तिसरं काही नसतं. आजही मी असलं काही मानत नाही. फक्त एका गोष्टीपाशी येऊन अडकतो. तीच लिहितोय. यातला अर्धा भाग माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिने वाचलंच, तर वाचू दे आता.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यात. माझं दुकान मुकुटबनला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. त्याला लदेणी म्हणतात. आता सगळे शेतीवाले. आमच्या शेताच्या कडेने एक नाला जातो आणि त्याच्या दरडीत, पांढुरक्या खडकात, मोठाली हाडं दिसायची. दगडासारखी जड, कापसाच्या गाठीपेक्षा मोठी एकेक. तांड्यात लहानपणापासून ऐकलेलं, की ते लदेणीच्या वाटेवर मेलेले बैल आहेत. एवढे मोठे कसे, असं विचारलं की म्हातारे म्हणायचे, तवाचे बैलच तेवढे होते, तुमच्यासारखे युरिया खाऊन वाढलेले नव्हते.

त्यावरूनच रीत पडली. घरचा बैल मेला की त्या दरडीच्या माथ्यावर मीठ घालून पुरायचा, जुन्या बैलांजवळ. आणि गळ्यातली घंटी काढायची नाही. घंटीशिवाय बैल वाट चुकतो, पुढे गेलेल्यांना तो सापडत नाही.

धोळ्या हा आमचा शेवटचा बैल. धोळ्या म्हणजे पांढरा. बाचा जीव त्याच्यावर. बा म्हणजे माझे वडील. घरात आम्ही गोरबोलीत बोलतो, इथे मराठीत लिहितो. धोळ्याच्या घंटीची कडी एकदा तुटली होती, तेव्हा मी नुकतंच काम शिकत होतो. पितळेची सळी वितळवून मीच ती जोडली. जोड तिरका आला, वर चिंचोक्याएवढा गोळा राहिला. बा लोकांना दाखवायचा, "सुभाषनं जोडली." बैल कौतुकाचा, की घंटी, की मी, ते त्यालाच माहीत.

मग ट्रॅक्टर आला. धोळ्या म्हातारा झाला, मागचा एक पाय धरला. नेमकं त्याच उन्हाळ्यात बाचं खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला दवाखान्यात ठेवलं, बायको त्याच्यापाशी. घरी मी, दुकान आणि धोळ्या. त्याला रोज उठवावं लागे. खाली दांडा घालून, खांद्याने रेटून. शेण काढा, पाणी दाखवा. तो मरत नव्हता आणि उठतही नव्हता. मी कंटाळलो. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं... नाही सापडलं.

एका दुपारी त्याला पिकअपमध्ये घातलं आणि जंगलात नेऊन उतरवलं. म्हटलं, चरेल, जगेल तितकं जगेल. गाडीकडे वळलो तर मागून घंटी. लंगडत लंगडत माझ्याच मागे येत होता. त्याला वाटलं असेल, झालं काम, आता घरी चाललो. परत आत नेऊन सोडला. परत आला.

मग मी त्याला मोहाच्या झाडाला बांधलं.

आमच्याकडे जंगलात वाघ आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. गाडी सुरू केली तरी घंटी ऐकू येत होती, म्हणून काच वर केली.

सकाळी राहवलं नाही, गेलो. दोर झाडालाच होता, तुटलेला. बाकी काहीच नाही. रक्त नाही, ओढल्याची खूण नाही. मी हाक मारली नाही. का मारली नाही, हे मला आजवर सांगता आलेलं नाही.

बाला फोनवर सांगितलं, धोळ्या गेला, दरडीवर पुरला. त्याने विचारलं, "मीठ घातलं?" म्हटलं, घातलं. "घंटी?" म्हटलं, गळ्यातच आहे. सगळ्या बोलण्यात तेवढं एकच खरं होतं. मग दरडीवर माती ओढून उंचवटा केला, वर दगड ठेवले. बा घरी आला तोवर पावसाने तो खराखुरा वाटायला लागला होता.

तेव्हापासून दर पोळ्याला बा काठी टेकत दरडीवर जायचा, आणि पुरणपोळीचं ताट माझ्या हातात द्यायचा. वर्षानुवर्षं मी ते ताट नेलं आणि रिकाम्या मातीपुढे ठेवलं.

गेल्या काही वर्षांतली गोष्ट. नागपूरकडच्या एका कॉलेजच्या मॅडम विद्यार्थी घेऊन आल्या. दरडीतली हाडं पाहिली आणि बाई तिथेच खाली बसल्या. म्हणाल्या, हे डायनोसॉर आहे. लांब मानेचं, झाडपाला खाणारं, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. खोदायला परवानगी हवी होती.

मी नाही म्हणालो. बैलांची जागा आहे, तांड्याच्या भावना आहेत, असलं काय काय बोललो. शेजारचे फुलसिंग काका हसले, "काहून रे, तू तर देवाले हात जोडत नाईस, अन् आज हाडकाले भिऊन राह्यला?" त्यांना काय सांगणार, की ती दरड खोदली तर त्यात बैल नाही हे बाला दिसेल.

पण शेत बाच्या नावावर. तो मॅडमना म्हणाला, "खणा तुम्ही. फक्त वरच्या अंगाले माहा बैल हाय. तो लागला का मले हाक द्या." मॅडमनी कबूल केलं.

आणि बा रोज जाऊन बसायला लागला. बाभळीखाली खाट टाकून, पाण्याचा तांब्या घेऊन, वाट बघत. मी दुकान बंद ठेवून त्याच्या मागे उभा. वरची माती निघाली, माझा उंचवटा गेला. खाली काहीच नव्हतं, असणारच नव्हतं. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. बा म्हणाला, "खाली सरकला असन. बैल जड होता."

मग मांडीचं हाड मोकळं झालं. आख्खं. बाच्या उंचीएवढं लांब. फुलसिंग काका म्हणाले, "याले वेसण कायची घातली असन, रेल्वेच्या रुळाची?" सगळे हसले. बा हसला नाही. त्याने मॅडमना विचारलं, हे मांस खाणारं होतं का? त्या म्हणाल्या, नाही बाबा, पाला खायचं, कळपाने राहायचं. "मंग आपलंच हाय," बा म्हणाला आणि खाटेवर जाऊन बसला.

मॅडमचे विद्यार्थी त्या हाडाला प्लास्टरमध्ये भिजवलेलं पोतं गुंडाळू लागले, तेव्हा बा हळूच मला म्हणाला, "पाय धरला होता न त्याचा. बरं करून राह्यले." मी मान फिरवली.

त्याच दुपारची गोष्ट. सगळे जेवायला झाडाखाली गेलेले. खड्ड्याजवळ मी आणि बा. आणि मला घंटी ऐकू आली. जोरात नाही. बसलेला बैल रवंथ करताना मान हलवतो ना, तशी. थांबून थांबून. खालून. मी म्हटलं, शेळ्या असतील. आजूबाजूला शेळी नव्हती. बाच्या तोंडाकडे पाहिलं, तर त्याने मान वर केली होती आणि तो खड्ड्याकडे बघत होता.

जेवून मॅडम परत खाली उतरल्या. हाडाच्या खालची बाजू ब्रशने साफ करताना थांबल्या. मग चिडून विद्यार्थ्यांना विचारलं, हा कोणाचा चावटपणा? त्यांच्या हातात हिरवी पडलेली घंटी होती. आत माती घट्ट बसलेली. मी ती घेतली, अंगठ्याने वरची बाजू पुसली.

तिरका जोड. चिंचोक्याएवढा गोळा.

मी तिथेच मातीवर बसलो. मॅडमनी जागा पुन्हा पुन्हा तपासली. म्हणाल्या, वरचा थर खोदल्याची काही खूण नाही, तो जसाच्या तसा होता. नाल्याच्या अंगाने एक अरुंद भेग आहे, हात जेमतेम जाईल अशी. पाण्याने वाहून आत गेली असेल. पण त्या जंगलाचं पाणी आमच्या नाल्याला येत नाही. मध्ये टेकडी आहे, ते पलीकडे पैनगंगेला जातं.

बाने घंटी मागितली. तांब्यातलं पाणी ओतून, काडीने माती काढून, शांतपणे धुतली. हलवली. वाजली. मग माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. आनंदही नव्हता.

"घंटी होती म्हणून वाट सापडली त्याले," तो म्हणाला.

मी म्हटलं, "बा, मी त्या दिवशी..."

"पाणी दे मले," बा म्हणाला.

तांब्या रिकामा होता. मी तो भरायला गेलो. परत आलो तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. त्यानंतर आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही. घंटी त्याच्या खाटेच्या दांडीला टांगलेली असायची. त्या हिवाळ्यात तो गेला. हाडं मॅडमच्या कॉलेजात गेली.

आता सांगतो मी कुठे अडकतो ते. याचं एक सरळ स्पष्टीकरण आहे, आणि तुमच्यापैकी कुणीतरी ते मला लिहून कळवेलच, म्हणून आधीच सांगतो. जंगलालगतच्या तांड्यात आमचे नातेवाईक आहेत. तिथल्या कुण्या गुराख्याला ती घंटी सापडली असेल. माझा जोड आजूबाजूला सगळे ओळखायचे; त्याने ती बाला आणून दिली असेल. आणि बाने ती नाल्याच्या बाजूने, त्या भेगेतून, आत सरकवली असेल. रीत म्हणून. बैल नाही तर निदान घंटी.

जुळतं सगळं. वेल्डिंगवाल्याला पटेल असं जुळतं. फक्त मग असं होतं, की बाला ठाऊक होतं. पोळ्याच्या प्रत्येक ताटाच्या वेळी ठाऊक होतं. माझ्या हातचं पाणी पिताना, माझ्या खांद्यावर हात टाकून दरड चढताना. आणि तो एकदाही बोलला नाही.

दुपारी ऐकलेल्या त्या आवाजाला मात्र ते स्पष्टीकरण पुरत नाही. कितीही विचार केला तरी पुरत नाही. आणि हे मी आज पहिल्यांदाच मान्य करतो, की मला त्याचाच आधार वाटतो. धोळ्या टेकडी ओलांडून, खडकातून चालत, त्या पाला खाणाऱ्या कळपात आपला आपण पोचला, हे मला मानवतं. दुसरं मानवत नाही.

यंदाच्या पोळ्याला एकटाच दरडीवर गेलो. खड्डा पावसाने भरत आलाय. घंटी खाली ठेवली, वर माती लोटली.

मीठ घातलं. या वेळी खरंच घातलं.