कोटिंगकाकांची नाणी

कोटिंगकाका नमस्कार करायच्या आधी समोरच्याचा तळहात बघत. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका बिल्डिंगमध्ये आम्ही नवीन राहायला गेलो, तेव्हा ते शेजारधर्म म्हणून भेटायला आले. पोह्यांची बशी घेता घेता माझ्या हाताकडे टक लावून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातात तांबं टिकणार नाही." मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते, म्हणजे अक्कल येण्याचं वय नुकतंच हुकलं होतं. मला वाटलं, ज्योतिषी आहेत. मी लगेच दुसराही हात पुढे केला. "आणि सोनं? पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा कधी मिळेल?" काका गोंधळले. "ते मला कसं माहीत असणार? तुमच्या हाताला घाम फार येतो, एवढंच म्हणतोय." आमचे हे इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

जबल अलीच्या एका कंपनीत काका पाइपांवरचं गंजरोधक कोटिंग तपासत. बिल्डिंगमधली पोरं त्यांना कोटिंगकाका म्हणत, म्हणून आम्हीही. "उघडं ठेवलं की गेलं," हे त्यांचं ब्रीदवाक्य, आणि समुद्रावरची खारी, दमट हवा ही त्यांची खाजगी वैरीण. त्यांच्या बायकोचा, सुनंदाचा, मसाल्याचा डबा, दारावरची पाटी, देवघरातली घंटा, सगळ्यावर त्यांनी पारदर्शक थर चढवला होता. घंटा वाजवली, की कुणी खोकल्यासारखा आवाज यायचा. "देवाला कळतं," काका म्हणत.

पण खरा जीव नाण्यांत. तांब्याच्या शिवराया, संस्थानांचे पैसे, आणि शारजाच्या जुन्या दुकानदारांकडून मिळवलेले आपले रुपये; एके काळी इथेही आपलाच रुपया चालायचा. हातमोजे घालून काका नाणं धूत, सुनंदाच्या हेअर ड्रायरनं कोरडं करत आणि पाइपांसाठी वापरतात त्या पक्क्या इपॉक्सीत बुडवून दोऱ्यानं टांगून ठेवत. "लोकांच्या बाथरूममध्ये कपडे वाळतात, आमच्याकडे इतिहास वाळतो," असं सुनंदा आल्यागेल्याला सांगायची. मी मात्र भारावले होते. लक्ष्मीपूजनाचा माझा चांदीचा रुपया मी हौसेनं त्यांच्याकडून कोट करून घेतला. दिवाळीला दुधाचा अभिषेक केला, तर दूध नॉनस्टिक तव्यावरून ओघळावं तसं ओघळलं आणि कुंकू काही केल्या चिकटेना. "लक्ष्मीला रेनकोट घातलास," हे म्हणाले. मी त्यांना म्हणाले, तुम्हाला सायन्स कळत नाही.

मग दोन हजार आठची ती मंदी आली. आधी क्रेन थांबल्या, मग दर शुक्रवारी कुणाच्या तरी निरोपाचं जेवण होऊ लागलं. श्रीखंड खाऊन खाऊन वीट आला. काकांचं प्रोजेक्ट आधी 'होल्ड'वर गेलं आणि मग काकाच नोकरीतून गेले. त्यांची लेक केतकी तेव्हा बारावीत. पोरगी पहिलीपासून त्याच शाळेत. "आय ॲम नॉट गोइंग एनीव्हेअर बिफोर बोर्ड्स," तिनं सांगून टाकलं होतं, आणि काकांनी तिला शब्द दिला होता. पण नोकरी गेली म्हणजे व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला की घरदार. काका म्हणाले, "नाणी विकतो. व्हिजिट व्हिसा काढत राहू, एवढं वर्ष निघेल, इन्शाल्ला. घासाघीस करायलाही काही नाही, एकावर डाग नाही."

अबुधाबीला एक गुजराती शेठ जुनी नाणी घ्यायचे. आमच्या गाडीतून चौघं गेलो. डबा काकांच्या मांडीवर, बाळंतिणीनं बाळ धरावं तसा. शेठनी भिंग लावलं, एक शिवराई उलटसुलट पाहिली, नखानं टोकरली.

"भाईसाब, इस पे क्या लगाया है?"

"इपॉक्सी. दो कोट."

"निकाल के लाइए, फिर बात करेंगे."

"ये निकलता नहीं," काका ताठ बसून म्हणाले. "पचास साल नहीं निकलेगा. मैंने खुद लगाया है."

शेठनी भिंग खाली ठेवलं. नाण्याला लावायचंच तर मेण लावतात, हवं तेव्हा पुसता येतं असं, हे त्यांनी फार सौम्यपणे समजावलं. नाण्याचा मूळ अंगचा रंगच झाकला गेला, तर घेणारा काय पाहून घेणार? "ये अब सिक्का नहीं है हबीबी, पेपरवेट है." वर चहा पाजला. मी माझा रुपयाही दाखवायला पर्समध्ये आणला होता, तो तिथेच राहू दिला.

परतताना जबल अलीच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. मग काका म्हणाले, "पण कामात खोट काढता आली नाही त्याला."

"नाही ना," सुनंदा म्हणाली. "कामात काही खोट नाही. केतकीला काय सांगायचं, तेवढं ठरवा."

घरी जाऊन काकांनी एका पैशावर कोटिंग काढायचं औषध लावलं. कोटिंग निघालं, त्याबरोबर पैशावरची अक्षरंही गेली. ती पाठीपोट गुळगुळीत चकती त्यांनी मला दाखवली आणि पुन्हा कशाला हात लावला नाही.

केतकीचा प्रश्न सुनंदानंच सोडवला. गणितात एमएस्सी होऊन इतकी वर्षं पोळ्या लाटणारी बाई एका शाळेत मुलाखतीला गेली आणि नोकरी घेऊन आली. काका तिच्या व्हिसावर आले. रोज तिचा डबा भरत, शाळेची बस येईपर्यंत खाली उभे राहत. बिल्डिंगमधले पुरुष त्यांना लिफ्टमध्ये भेटले, की उगाच मोबाइल बघत. काका माझ्याकडे साखर मागायला येत तेव्हा म्हणत, "वहिनी, मी हल्ली डिपेंडंट आहे. जरा जास्त द्या." केतकी बारावी त्याच शाळेतून झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आणि मग मंडळी पुण्याला परतली.

काका वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी परवा सुनंदाकडे गेले होते, तेव्हा तिनं त्यांच्या परतीच्या दिवसाची गोष्ट सांगितली, जी काकांनी तिला कुणाला सांगू दिली नव्हती. विमानतळावर एक्स-रेत डबा दिसला. अधिकाऱ्यानं उघडायला लावला, एक चकचकीत शिवराई उचलली, हसला. "टॉय? फॉर किड्स? यल्ला, गो." जुन्या नाण्यांचे कागद मागितले नाहीत, सुटलो म्हणून कुणीही निघालं असतं. काका जागचे हलेनात. "नो टॉय. ओरिजिनल. थ्री हंड्रेड इयर्स." अधिकाऱ्यानं हसू आवरून वरिष्ठाला हाक मारली. विमानाची शेवटची घोषणा चालू. सुनंदानं डब्याचं झाकण लावलं, "येस येस, टॉय," म्हणाली आणि नवऱ्याला दंडाला धरून ओढत नेलं.

मंडळी मुंबईत उतरली. पट्ट्यावर बॅगांची वाट बघताना काका म्हणाले, "तू खोटं बोललीस."

"बोलले," सुनंदा म्हणाली. "माझ्या व्हिसावर होतात, तुम्हाला सोडवून आणणं मला भाग होतं."