डांबराच्या कढईवरचे काका

काठी डांबरात बुडवायची, छातीपर्यंत उचलायची आणि खाली ओघळणारी तार बघत म्हणायचं, "अजून कच्चं हाय." काकांची ही रोजची सकाळ. कढईला तापमापक होता. पण त्याच्याकडे ते कंपनीतल्या साहेबांकडे बघावं तसं बघत, म्हणजे मान देऊन आणि विश्वास न ठेवता.

वसई पूर्वेला आमचा कारखाना. गच्ची गळू नये म्हणून अंथरतात ते डांबरी फेल्ट तिथे बनतं. मी पगारपत्रकं करणारा कारकून, ते कढईवरचे सर्वांत जुने कामगार. मिठागरांकडच्या गावातून सायकलने येत. कढईवरच्या माणसांना तेव्हा रोज गूळ मिळे आणि पगारात उष्णता भत्ता असे. काका आपला खडा शेवटी उचलत. "आधी मानसं, मंग मी." असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, त्याची बायको बहुधा त्याच्यावर वैतागलेली असते.

पुढे गूळ बंद झाला, मग भत्ता. काका म्हणाले, "जाऊ दे, परमनंट हाय ना आपुन."

तेही राहिलं नाही. राजीनामा द्या, हिशेब घ्या आणि सोमवारपासून ठेकेदाराकडून याच कढईवर या, पगार तोच राहील, असं साहेबांनी सांगितलं. काकांनी सही केली की बाकीचे अकराजण करणार, हे साहेबांना ठाऊक होतं आणि मलाही. काका कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"भाऊ, तू शिकलेला. तुझा बाप असता तर त्याला काय सांगितलं असतंस?"

माझी स्वतःची नोकरी राहणार की जाणार, हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं. मी म्हणालो, "करा सही."

पगार तोच राहिला, हे मात्र खरं. पुढची आठ वर्षं तो तोच राहिला. ठेकेदार दर वर्षी नवं नाव लावून येई आणि काका दर वर्षी नवे कामगार म्हणून रुजू होत. माझा पगार वाढत गेला, मी फुलपाड्यात फ्लॅट घेतला. बाकीचे अकराजण जेवायला काकांपासून लांब बसू लागले. माझं नाव काकांनी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला आज इतकी लाज वाटली नसती.

गेल्या उन्हाळ्यात कढईत कुठूनसं पाणी गेलं आणि डांबर उसळलं. शेजारच्याला बाजूला ढकलून काका मागे राहिले. नवव्या दिवशी गेले.

त्यांच्या बायको नोकरीचा दाखला मागायला आल्या. साहेब म्हणाले, रेकॉर्डला असेल तेवढंच लिहा. मी लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही दाखवलं: सदर कामगार चार महिन्यांपासून ठेकेदाराकडे कामावर होते.



"चार महिनं? भाऊ, मंग तीस वरसं मी डबा कोनाला बांधून देत होते?"

मी कागदावर शिक्का मारला आणि तो त्यांच्या हातात दिला.