आडवा फूट

आमची आत्या छपरं बांधायची. रस्त्याने चालतानासुद्धा तिची मान वरच. "हे बघ, आळशी छप्पर! पाणी खाली यायच्या आधी झोप काढेल," असं मोठ्याने म्हणायची आणि घरमालक गॅलरीत उभा असला तरी तिला फिकीर नसायची.

मग ती शिडीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ते सांधलं, पण डॉक्टरांनी शिडी कायमची बंद केली आणि घरच्यांनी तिला खुर्चीत बसवून टाकलं. त्याच सुमारास बाबांनी घराला एक खोली वाढवायला काढली आणि छपराचं काम दिलं दुसऱ्याच सुताराला. बहिणीला विचारलंसुद्धा नाही! मला बाबांचा भयंकर राग आला. सख्खा भाऊच काम देईना, तर बाहेरचे कशाला बोलावतील? आत्याने हे केव्हाच ओळखलं होतं. सुतार यायच्या दिवशी ती लेव्हल आणि टेप घेऊन दारात हजर.

नव्या छपराचा उतार जुन्याएवढाच हवा होता, नाहीतर दोन्ही आढी एका रेषेत मिळाली नसती. सुतार वर चढला, दोनचार कौलं बाजूला करून मोजून आला.

"फुटाला साडेपाच इंच."

"सहा," आत्या म्हणाली.

"ताई, तू वर तरी गेलीस का?" बाबा वैतागले.

"वर कशाला जायला हवं? वासे आतूनही दिसतात की!"

माळ्यावर जायला आमच्याकडे धड जिना आहे. कठडा धरून ती सावकाश चढली. तिने लेव्हलचं एक टोक वाशाला खालून टेकवलं, बुडबुडा मधोमध आणला, लेव्हलवरच एक फूट मोजला आणि तिथून वर वाशापर्यंत टेप उभा धरला. बाबांनी चष्मा सावरून आकडा वाचला. सहा.

"आता तू कसं मोजलंस ते दाखव," ती सुताराला म्हणाली. त्याने टेप सरळ वाशावर ठेवला आणि लाकडाच्या अंगाने फूट मोजला.

"घे! फूट तिरका घेतलास. फूट आडवा घ्यायचा असतो, लेव्हलवर. तिरका घेतलास की आडवं अंतर कमी भरतं, मग चढही कमीच दिसणार. भिंतीपासून आढ्यापर्यंत आठ फूट आहेत. तुझं आढं चार इंच खाली लोंबलं असतं."

"नशीब, लाकूड कापलं नाही अजून," सुतार डोकं खाजवत हसला.

बाबांनी टेप गुंडाळून आत्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "काम तू बघ. पण शिडीला हात लावायचा नाही."

"शिडीला हा आहे की," तिने सुताराकडे बोट दाखवलं.

त्यानंतर आमच्या अंगणात नुसता तिचा आवाज. सुतार वर घामाघूम, ही खाली खुर्चीत चहा पीत हुकूम सोडतेय. नवं आढं बसलं तेव्हा जुन्या आढ्यापासून दोरी ताणली. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो. आत्या मात्र बाबांच्या तोंडाकडे बघत होती. दोरी दोन्ही आढ्यांवर बिनचूक टेकली.

शेजारचे काका कुंपणापाशी येऊन कौतुकाने बघत होते. "आम्हालाही छप्पर बदलायचंय. सुतार कोण तुमचा?"

"छप्पर माझ्या बहिणीने बांधलंय," बाबा म्हणाले. "पण थांबा, तिला सवड आहे का ते विचारावं लागेल."