पुढच्या आठवड्यात या

मंडईतून काय काय आणलं हे सांगावं, तशा खडकीच्या काकू आदल्या रात्रीची स्वप्नं सांगत. ओठांत चार टाचण्या, पाय शिवणयंत्रावर चालू, आणि मधेच, "काल मी आमच्या वडिलांना शाळेत घालून आले. रडत होते." एवढंच. अर्थ काय, असं कुणी विचारलं तर म्हणत, "अर्थ कशाला? पडलं, संपलं."

त्यांना चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर कोड होतं. ते त्या लपवत नसत आणि त्याबद्दल स्वतःहून बोलतही नसत. बसमध्ये शेजारची जागा रिकामीच राहिली की तिथे पिशवी ठेवत. "हिला तरी बसायला मिळालं," म्हणत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती कपडे शिवून घ्यायला. आम्ही पाच जण मिळून एक अतिवास्तववादी लघुपट करत होतो. म्हणजे सगळी गोष्ट स्वप्नासारखी, कशाचा कशाला मेळ नसलेली. तेव्हा मी फार तावातावाने बोलत असे, की अशा सिनेमात स्वप्नं कायम देखण्या, शिकलेल्या पुरुषांनाच पडतात आणि बाकीच्यांनी त्यात नुसतं दिसायचं. हे मी काकूंनाही ऐकवलं. त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि आपलं एक स्वप्न सांगितलं.

खडकी स्टेशनच्या फलाटावर त्या मशीन घेऊन बसल्या आहेत. समोर ही रांग. प्रत्येकाने स्वतःची कातडी शर्टासारखी घडी घालून आणली आहे, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्हालाही तुमच्यासारखी पांढरी ठिगळं लावून द्या. "मी म्हटलं, हातात काम फार आहे, पुढच्या आठवड्यात या." सांगताना त्या इतक्या हसल्या की शिलाई वाकडी गेली आणि उसवावी लागली.

हे सिनेमात घेऊ का, असं मी विचारलं. "घे की," त्या म्हणाल्या, "पण मला शिवताना दाखव."

चित्रीकरणाला त्यांनी टेम्पोतून मशीन आणलं. ते कॅमेऱ्यात अवजड दिसतंय म्हणून मी बाजूला ठेवायला लावलं. पुढे-पुढे ते स्वप्न बघायला गोष्टीत एक नायक आला, आमच्याच गटातला देखणा मुलगा. काकूंना फलाटाच्या टोकाला उभं करून खालून प्रकाश टाकला. नायकाने त्यांचा चेहरा बघून दचकून जागं व्हायचं. तो सहा वेळा दचकला. काकूंनी एकदाच विचारलं, "हा मला का घाबरतोय?" मी म्हटलं, तो तुम्हाला नाही, स्वतःला घाबरतोय. तेव्हा हे वाक्य मला फार खोल वाटलं होतं. आज आठवलं की कान तापतात.

शनिवार पेठेतल्या एका छोट्या सभागृहात आम्ही लघुपट दाखवला. काकू ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नंतर कुणीतरी विचारलं, अशा सिनेमांत सगळ्या तऱ्हेची माणसं का दिसत नाहीत? मी अभिमानाने काकूंकडे हात केला. आमच्या सिनेमात आहेत ना, म्हटलं. टाळ्या पडल्या. मग एका मुलीने विचारलं, हे स्वप्न सुचलं कसं?

"मलाच पडलं होतं," मी माइकवरून म्हणाले.

ठरवून खोटं बोलले नव्हते. ते इतक्या सहज तोंडातून गेलं, याचीच जास्त लाज वाटते.

परतताना काकू माझ्याबरोबर रिक्षात होत्या. खडकी आल्यावर उतरता उतरता म्हणाल्या, "माझ्या स्वप्नात मला कुणी घाबरत नव्हतं गं." आणि जिना चढून गेल्या.

माफी मागायला मला आठ महिने लागले. काकूंनी चहा केला, अर्धवट शिवलेले परकर बाजूला सारून मला बसायला जागा दिली. मी सगळं बोलले. लघुपट इंटरनेटवरून काढून टाकते, असंही म्हणाले. "काढ नाहीतर ठेव, मी काही बघत बसत नाही," त्या म्हणाल्या. आपण पुढच्या महिन्यात लेकीकडे नाशिकला कायमच्या जाणार असल्याचं त्यांनी सांगितलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हल्ली काय स्वप्नं पडतात, काकू?"

"पडतात की, रोज पडतात," असं म्हणून त्या माझ्या हातातला रिकामा कप घेऊन आत गेल्या.