कर्ण मोजायचा राहिला

शिरूरच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूमिती शिकवली आणि निवृत्तीनंतर एका कपाटामागे अडकले.

यजमान जाऊन दोन वर्षं झालेली. दौंडला दिलेली लेक रोज फोनवर म्हणे, "आई, इकडं ये. एकटी काय करतेस तिथं?" मी एकटी मजेत आहे हे तिला पटावं म्हणून मी मोठं लोखंडी कपाट घेतलं. (बाई इथून हलणार नाही, याचा यापेक्षा जड पुरावा बाजारात मिळत नाही!)

कपाट आडवंच आत आलं. जागा ठरलेली: मागच्या खोलीत, माळ्याखालचा कोनाडा. टेम्पोवरच्या दोघांपैकी एक वर बघून म्हणाला, "मॅडम, खड़ा नहीं होगा."

"होगा! माळा कपाटापेक्षा दोन बोटं उंच आहे. भूमितीची बाई आहे मी!"

मी कोनाड्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि हुकूम सोडला. कपाट अर्धंअधिक उठलं आणि वरचा कोपरा माळ्याला खट्टकन भिडला. "और जोर से!" मी ओरडले. त्यांनी ऐकलं! कपाट पाचरीसारखं बसलं. पुढे जाईना, मागे येईना. मी आत, जग बाहेर!

आरडाओरडा ऐकून शेजारचा रहीम गवंडी आला. माझाच विद्यार्थी, भूमितीत त्याला मी दोनदा नापास केलेलं.

"बाई, उंची मोजली व्हय? आन् कर्ण?"

मी फटीतून वर, माळ्याला भिडलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"उभं करताना तिरकं व्हतंय न्हवं? तवा कर्ण बघायचा. तुम्हीच शिकवलंय."

"तेव्हा लक्ष होतं का तुझं?"

"न्हाई. पन फळ्यावर ती तिरकी रेघ मारताना तुम्ही लई खूश दिसायच्या. तेवढं ध्यानात ऱ्हायलं."

तो पाना आणायला गेला. तोवर गल्ली गोळा झाली. रहीमच्या बायकोनं माझ्याच स्वयंपाकघरात चहा टाकला. एक कप फटीतून आत आला. कुणी हसत होतं, कुणी साखरेसाठी डबे उघडत होतं. माझ्या घरात एवढे आवाज!

"बाई, घाबरल्या का?" कुणीतरी विचारलं.

घाबरले नव्हते. रहीमला पाना लवकर सापडू नये असं वाटत होतं, एवढंच.

सापडला. त्यानं कपाटाचे पाय खोलले, कपाट निमूट उभं राहिलं, जरा बाजूला सरकवल्यावर मी बाहेर आले. पाच मिनिटांत घर रिकामं. मी अकरा कप विसळले. तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, एकटीनं जमलं सगळं?"

"जमलं की!"

आता मी फ्रिज बघतेय. दुकानदार विचारतो, "बाई, केवढा दाखवू?"

"दारातून आत न जाणारा!"